माऊसवाचून अडायला नको

माऊस चालवणे ही केवढी गुंतागुंतीची हालचाल आहे, हे रोज माऊस चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पडद्यावरचा बारीक बाण डोळ्यांनी शोधायचा, मनगट आणि बोटे हव्या त्या दिशेला सरकवायची, बाण लक्ष्यावर आला की हात नेमका थांबवायचा आणि तो जराही न हलवता बटण दाबायचे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये अशा हालचालींचे गणित मांडले. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, असे त्याचे सार. तेव्हा संगणकाचा माऊस जन्मालाही आला नव्हता. पण पडद्यावरचे बटण केवढे असावे आणि कुठे असावे, हे ठरवताना आजही याच नियमाचा आधार घेतात. या गणितात दोन गोष्टी गृहीत आहेत. हात आपले ऐकतो आणि डोळ्यांना बाण दिसतो. कंपवाताने हात थरथरत असेल, संधिवाताने बोटे आखडली असतील, मज्जारज्जूला इजा होऊन मानेखाली हालचालच उरली नसेल, सेरेब्रल पाल्सीमुळे स्नायू मनाप्रमाणे वळत नसतील, तर पहिले गृहीत कोसळते. दृष्टी नसेल तर दुसरे कोसळते, आणि मग हात कितीही धडधाकट असला तरी माऊस निरुपयोगी ठरतो.

अशी माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेने भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना चलनवलनाचे आणि सुमारे ५० लाखांना दृष्टीचे अपंगत्व होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा २९ लाख ६३ हजारांच्या घरात होता. त्या जनगणनेने अपंगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, म्हणजे जुना आकडा कमीच समजायला हवा. दरम्यान रेल्वेचे आरक्षण, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, सातबाऱ्याचा उतारा, नोकरीची जाहिरात हे सगळे इंटरनेटवर गेले. अशा वेळी दिव्यांगांसाठी काय करावे, हा प्रश्न निघाला की चर्चा महागड्या उपकरणांकडे वळते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. संकेतस्थळावर माऊसने होणारे प्रत्येक काम निव्वळ कीबोर्डनेही पुरे व्हावे, हा एकच नियम पाळला गेला तर बाकीची बहुतेक उपकरणे आपोआप कामाला येतात, आणि तो मोडला तर लाखो रुपयांचे उपकरणही त्या पानापुढे हतबल होते. अडथळा हातात कमी आणि पानाच्या बांधणीत जास्त असतो.

माऊसची ही सक्ती संगणकाच्या स्वभावातच आहे, असेही नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत माऊस जगासमोर आणला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता, डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा संच होता आणि मध्ये नेहमीचा कीबोर्ड होता. कीबोर्डला हटवायला माऊस आला नव्हता, जोडीला आला होता. पुढे १९८४ चा ॲपलचा पहिला मॅकिंटॉश बाणाच्या कळा नसलेला कीबोर्ड घेऊन बाजारात आला. वापरणाऱ्यांनी माऊस हातात घ्यावा आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही माऊसचाच विचार करावा, हा त्यामागचा हेतू. दोन वर्षांनी आलेल्या मॅकिंटॉश प्लसच्या कीबोर्डवर बाणाच्या कळा आल्या, पण तोवर सवय रुजली होती. वर्ल्ड वाइड वेबची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. टिम बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर नेक्स्ट कंपनीच्या संगणकावरच चाले, म्हणून १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत निकोला पेलो यांनी साध्या टर्मिनलवर चालणारा ब्राउझर लिहिला. त्यात प्रत्येक दुव्यापुढे एक आकडा छापलेला असे. आकडा टंकून एंटर दाबले की दुवा उघडे. वेब जगभर पसरू लागले ते असे, माऊसशिवाय.

खुद्द टंकयंत्राच्या पूर्वजांतही अपंगत्वाचा धागा आहे. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री यांनी दृष्टी गेलेल्या कॅरोलिना फान्तोनी यांच्यासाठी, त्यांना कोणाच्या मदतीशिवाय पत्रे लिहिता यावीत म्हणून, एक टंकयंत्र तयार केले. यंत्र आता उरलेले नाही, त्यावर लिहिलेली काही पत्रे मात्र जपून ठेवलेली आहेत. कळ दाबणे ही क्रिया स्पर्शाने ओळखता येते, प्रत्येक वेळी तशीच होते आणि तिला नेम धरावा लागत नाही. हे तिचे गुण दोनशे वर्षांपूर्वी उपयोगी पडले आणि आजही त्याच कारणाने पडतात.

माऊसशिवाय वेबवर फिरणे प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहू. टॅबची कळ दाबली की पानावरच्या पहिल्या दुव्याभोवती किंवा बटणाभोवती एक चौकट उमटते. या चौकटीला फोकस म्हणतात. दर टॅबला ती पुढच्या दुव्यावर, बटणावर किंवा अर्जातल्या रकान्यावर जाते; शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येते. एंटर दाबले की दुवा उघडतो, स्पेस दाबली की बटण दाबले जाते किंवा चौकोनात खूण होते, बाणाच्या कळांनी यादीतला पर्याय निवडता येतो आणि एस्केपने उघडलेली खिडकी मिटते. विंडोजवरच्या ब्राउझरांत अल्ट आणि डावा बाण एकत्र दाबले की मागचे पान येते, कंट्रोल आणि एल दाबले की पत्त्याच्या पट्टीत जाता येते. दोन कळा एकदम दाबणे जमत नसेल तर स्टिकी कीजची सोय आहे. तिच्यात शिफ्ट, कंट्रोल या कळा एकदा दाबून सोडल्या तरी दाबलेल्या राहतात. थरथरत्या बोटाने एकच कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली तर ती दुर्लक्षिणारी फिल्टर कीज ही सोयही शेजारीच असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये या सोयींवर काम झाले आणि विंडोज ९५ पासून त्या संगणकाबरोबरच येतात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी फोकसची चौकट डोळ्यांनी पाहण्याऐवजी कानांनी ऐकायची असते. हे काम स्क्रीन रीडर करतो. दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये जॉज हा स्क्रीन रीडर डॉससाठी आणला. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचा एनव्हीडीए २००६ मध्ये सुरू झाला. तो मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. अंध वाचक पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. एनव्हीडीएत एच दाबून तो मथळ्यामागून मथळा घेत जातो, के दाबून दुव्यांवर, बी दाबून बटणांवर आणि एफ दाबून अर्जाच्या रकान्यांवर उड्या मारतो. डोळस माणूस पानावर नजर फिरवतो, तेच हे काम. मात्र मथळा हा मथळा म्हणून आणि बटण हे बटण म्हणून पानाच्या कोडमध्ये नोंदलेले असेल तरच या उड्या शक्य होतात. अक्षरे नुसती जाड आणि मोठी करून मथळ्याचा आभास निर्माण केला असेल, तर एच दाबून काहीच सापडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ज्यांना कीबोर्डही चालवता येत नाही, त्यांचे काय? एक मोठे बटण हाताने, कोपराने, पायाने किंवा डोक्याने दाबणारे वापरकर्ते असतात. त्या बटणाला स्विच म्हणतात. काहीजण नळीत फुंकर घालून आणि नळीतून हवा ओढून दोन वेगळे इशारे देतात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना आजारामुळे शेवटच्या वर्षांत संगणक चालवायला गालाच्या एका स्नायूएवढीच हालचाल उरली होती. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर ती टिपत असे. पडद्यावरच्या पर्यायांवरून एक खूण आपोआप सरकत राही आणि हव्या त्या जागी ती आली की हॉकिंग गाल हलवून तिला थांबवत. इंटेलने त्यांच्यासाठी घडवलेली एकॅट ही प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ही उपकरणे दिसायला परस्परांहून फार वेगळी असली, तरी त्यांतली बरीचशी संगणकाशी कीबोर्डच्याच भाषेत बोलतात. स्विचचा इशारा संगणकाला अनेकदा स्पेस किंवा एंटर म्हणूनच पोचतो. पर्यायांवरून सरकणारी खूण पानाला विचारते, दाबण्याजोग्या गोष्टी कोणत्या आणि कोणत्या क्रमाने? आवाजाने चालणाऱ्या प्रणालीलाही तेच विचारावे लागते. ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या व्हॉइस कंट्रोलमध्ये आकडे दाखवायला सांगितले की दाबण्याजोग्या प्रत्येक गोष्टीवर एक आकडा उमटतो आणि तो उच्चारला की काम होते. निकोला पेलो यांच्या ब्राउझरची युक्ती जवळपास तीस वर्षांनी बोलू लागली, असे म्हणता येईल. पण पानाने जी गोष्ट दाबण्याजोगी म्हणून नोंदवलेलीच नाही, तिच्यावर आकडा उमटण्याची खात्री नाही.

म्हणून कीबोर्डची सोय ही फक्त कीबोर्ड वापरणाऱ्यांची सोय नाही. फुंकर, गालाचा स्नायू, पायाचे बटण, बोललेला शब्द हे सगळे त्याच एका दरवाजाने आत येतात. डोळ्यांच्या हालचालीने किंवा डोक्याने बाण सरकवणारी उपकरणे काही अंशी याला अपवाद आहेत, कारण ती थेट माऊसची नक्कल करतात. पण त्यांचा नेम माऊसइतका अचूक नसतो, आणि फिट्स यांचा नियम तिथे अधिकच कडक होतो. कीबोर्डची वाट उघडी असेल तर त्यांनाही बारीक नेम धरण्याची निम्मी कटकट वाचते.

हा दरवाजा बंद होतो कसा? बहुतेक वेळा निष्काळजीपणाने. वेबच्या मूळ भाषेत, एचटीएमएलमध्ये, बटणासाठी, दुव्यासाठी आणि अर्जाच्या रकान्यासाठी स्वतंत्र घटक आहेत. ते वापरले की टॅब तिथे थांबते, एंटर चालते आणि स्क्रीन रीडर घटकाचा प्रकार सांगतो. यातले काहीही वेगळे लिहावे लागत नाही. पण अनेक प्रोग्रामर एक साधा कप्पा घेतात, त्याला बटणासारखा रंग आणि गोल कोपरे देतात आणि माऊसची टिचकी पडली की काय करायचे, तेवढे लिहून मोकळे होतात. पाहणाऱ्याला ते बटण वाटते, टॅबला मात्र तिथे काहीच नसते. एसटीच्या वेळापत्रकात थांबा म्हणून नोंद नसलेल्या गावासारखी त्याची गत होते. गाव रस्त्यावरच असते, पण गाडी थांबत नाही. ‘अर्ज सादर करा’ हे बटण असे असेल, तर पाऊण तास खपून भरलेला सगळा अर्ज वाया जातो.

दुसरे कारण सौंदर्यदृष्टीचे आहे. फोकसची चौकट डिझाइनमध्ये खुपते म्हणून ती सरळ पुसली जाते. २००७ मध्ये एरिक मेयर यांनी सर्व ब्राउझरांतला फरक मिटवणारी शैलीची एक फाइल प्रसिद्ध केली होती. तिच्यात ही चौकट शून्य करणारी एक ओळ होती आणि फोकसची स्वतःची शैली ठरवायला विसरू नका, अशी टीपही होती. असंख्य संकेतस्थळांनी ओळ उचलली आणि टीप सोडून दिली. मेयर यांनी २०११ च्या आवृत्तीतून ती ओळ काढली, पण सवय टिकली. चौकट नसलेल्या पानावर कीबोर्डने फिरणे म्हणजे बाण अदृश्य करून माऊस चालवणे. आपण कुठे आहोत, हेच कळत नाही.

बाकीची कारणे भराभर सांगता येतील. माऊस वर नेला तरच उघडणारा मेनू कीबोर्डला उघडत नाही. जन्मतारखेच्या कॅलेंडरात शिरलेला फोकस कधी कधी बाहेरच पडत नाही. याला कीबोर्डचा सापळा म्हणतात. जाहिरातीची खिडकी समोर उघडते आणि फोकस मागच्या झाकलेल्या पानावर भटकत राहतो. कोड्याचा तुकडा ओढून जागेवर बसवा, असे सांगणारा कॅप्चा माणूस आणि यंत्र यांत फरक करायला जातो आणि दिव्यांग माणसालाच बाहेर काढतो. ठरावीक मिनिटांत व्यवहार पुरा झाला नाही तर सत्र संपते, आणि स्विच वापरणाऱ्याला ती मिनिटे पुरत नाहीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पन्नास दुवे असतील, तर मजकुरापर्यंत पोचायला पन्नास वेळा टॅब दाबावी लागते. स्विच वापरणाऱ्याची खूण सेकंदाला एक दुवा सरकते असे धरले, तर प्रत्येक नव्या पानावर जवळजवळ मिनिटभर नुसते थांबायचे. सगळ्यात वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा एक दुवा दिला की हा त्रास संपतो. मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक अडचण आहे. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये न सांगितल्यास स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच देवनागरी वाचायला जातो आणि अडखळतो किंवा गप्प बसतो. युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर त्याला निरर्थक रोमन अक्षरांसारखा ऐकू येतो, आणि स्कॅन करून चढवलेले परिपत्रक तर कोऱ्या चित्राप्रमाणे असते. अशा पानांवर कळा चालल्या तरी हाती काही लागत नाही.

या सगळ्या चुकांची यादी आणि त्यांचे उपाय जगापुढे कधीचेच आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेचा उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती काढली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व कामे कीबोर्डने करता आली पाहिजेत आणि फोकस कुठेही अडकता कामा नये, या अटी सर्वांत प्राथमिक पातळीवर ठेवल्या आहेत. फोकस दिसला पाहिजे, ही अट त्याच्या पुढच्या पातळीवर आहे. २०१८ च्या आवृत्तीने एक बारकावा जोडला. केवळ एका अक्षराने चालणारे शॉर्टकट बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय हवी, कारण आवाजाने मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द चुकून अशा शॉर्टकटांची माळच लावू शकतो. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीने ओढण्याच्या क्रियेला साध्या टिचकीचा पर्याय मागितला आणि दाबण्याच्या जागेचे किमान माप साधारणपणे २४ पिक्सेल ठरवले. फिट्स यांचा नियम जवळपास सत्तर वर्षांनी असा वेबच्या मानकांत उतरला.

भारतात कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ४२ माहिती आणि संपर्काच्या साधनांच्या सुगम्यतेबद्दल आहे, तर कलम ४६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही संस्थांना मुदत घालून देते. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली; भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून बंधनकारक किमान नियम करायला तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. बँकेच्या डिजिटल केवायसीत डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना बाहेर ठेवते, अशी तक्रार होती. डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले.

कायदा, मानके आणि मोफत साधने असूनही परिस्थिती कशी आहे? अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाशी निगडित वेबएआयएम ही संस्था २०१९ पासून दर वर्षी दहा लाख लोकप्रिय संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर मानकांचा भंग आढळला आणि दर पानामागे सरासरी ५१ चुका निघाल्या. ही तपासणी यंत्राने होते. अक्षरांचा फिका रंग, चित्राला नसलेले वर्णन, रकान्याला नसलेले नाव हे यंत्राला कळते. कीबोर्डचा सापळा किंवा न उघडणारा मेनू बहुधा कळत नाही. म्हणजे खरी स्थिती या आकड्यांहून वाईट असण्याचीच शक्यता जास्त.

आता आक्षेप. पहिला आक्षेप संख्येचा आणि खर्चाचा आहे. मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप का? मूठभर हा शब्द जनगणनेच्या आकड्यांपुढे टिकत नाहीच. शिवाय हात प्लास्टरमध्ये असलेला, मनगट दुखावलेला आणि वयाने हात कापू लागलेला माणूस कोणत्याच यादीत नसतो. कीबोर्डच्या वाटेचा फायदा त्यांनाही होतो, आणि दिवसभर कोड लिहिणारे प्रोग्रामर तर आवडीने व्हिमियमसारखी जोडणी बसवून माऊसला हात न लावता वेबवर फिरतात. खर्चाबद्दल सिडनीचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००० च्या ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने केली होती. दुरुस्तीचा बोजा न पेलणारा आहे, हा आयोजकांचा बचाव ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने फेटाळला आणि शेवटी त्यांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. खर्च वाढतो तो सगळे बांधून झाल्यावर उकलून पुन्हा बांधताना. सुरुवातीलाच बटणासाठी बटणाचा घटक वापरायला एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे मोबाइलवर आले, माऊस आणि कीबोर्डच्या गोष्टी कशाला? पण स्पर्शाच्या पडद्यालाही नेम लागतोच आणि डोळेही लागतातच. आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक २००९ पासून आहेत. त्यांत बोट उजवीकडे फिरवले की फोकस पुढच्या गोष्टीवर जातो आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. टॅब आणि एंटर यांचेच हे स्पर्शातले रूप आहे. क्रम चुकलेले किंवा बटण न नोंदलेले पान तिथेही तसेच अडवते. मोबाइलला ब्लूटूथने कीबोर्ड किंवा स्विच जोडणारेही पुष्कळ आहेत.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांत जोरात आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे समजून घेईल, मग पाने दुरुस्त कशाला करायची? यंत्रे चित्रांचे वर्णन करू लागली आहेत आणि ती मदत मोलाची आहे, यात शंका नाही. पण बँकेच्या व्यवहारात अंदाज चालत नाही. ‘रद्द करा’ आणि ‘पैसे पाठवा’ ही दोन बटणे शेजारी असताना यंत्राने बहुधा बरोबर ओळखणे पुरेसे नसते. एका ओळीचे कोड चिकटवा, आमची बुद्धिमान प्रणाली तुमचे संकेतस्थळ मानकांत बसवेल, असे सांगणाऱ्या एका कंपनीचा दावा पुराव्याने सिद्ध होत नाही, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ठेवला आणि तिच्याकडून दहा लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. शिवाय ज्या यंत्राला पान समजून घ्यायचे आहे, त्यालाही नीट नोंदलेली बटणे आणि मथळे असलेले पानच सोपे जाते.

चौथा आक्षेप डिझाइनरांचा असतो की चौकट कुरूप दिसते. त्याचे उत्तर ब्राउझरांनीच देऊन ठेवले आहे. माऊस वापरताना चौकट लपवायची आणि कीबोर्डने फिरताना दाखवायची, अशी सोय २०२२ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. ती चौकट आपल्या रंगसंगतीत बसवायला कोणीही अडवलेले नाही.

शेवटचा आक्षेप आपल्याकडे फार ऐकू येतो आणि तो सद्हेतूने केलेला असतो. घरात कोणीतरी मदत करेल, नाहीतर सेतू केंद्रात जाऊन काम होईल. मदत चांगलीच असते, पण तिची किंमत कोण मोजतो? पासवर्ड, ओटीपी, आजाराचे कागद, पगाराचा आकडा, मतभेदाचे पत्र हे सगळे दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. डोळस आणि सशक्त माणसाने आपले बँकखाते कायम शेजाऱ्याकडून चालवून घ्यावे, असे कोणी सुचवत नाही. मदतीची गरज पानाच्या चुकीमुळे निर्माण झाली असेल, तर त्या मदतीला उपाय म्हणता येत नाही.

हे आक्षेप बाजूला सारले की उरते ते काम मोठे नाही. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी संकेतस्थळाचे बिल मंजूर करण्यापूर्वी एक अट घालावी की ठेकेदाराने माऊसची वायर काढून, नव्या वापरकर्त्याच्या नोंदणीपासून पावती छापण्यापर्यंतचे काम आपल्यासमोर करून दाखवावे. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या गुणांत ही चाचणी धरावी. आणि वाचकांनी आपण रोज वापरतो त्या बँकेच्या, महापालिकेच्या किंवा शाळेच्या संकेतस्थळावर पाच मिनिटे केवळ टॅब, एंटर आणि बाणाच्या कळांनी फिरून पाहावे. फोकस दिसेनासा झाला, कुठे अडकला किंवा एखादे बटण टॅबने सापडलेच नाही, तर त्या संस्थेला लेखी कळवावे, पत्रात अधिनियमाच्या कलम ४२ आणि ४६ चा उल्लेख करावा, आणि उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार नोंदवावी. तक्रार करायला स्वतः दिव्यांग असण्याची गरज नाही.